टँकरचा विषय

बी-४०२ सावंत वहिनी: 'बी विंग टायगर्स' ग्रुपमध्ये ज्यांची मुलं आहेत त्यांनी आज तो ग्रुप उघडून बघावा. टँकर टँकर जे चाललंय ते आजच्या आज बंद झालं पाहिजे.

खजिनदार देशपांडे काका: वहिनी, टँकर बंद करणं कमिटीच्या हातात नाही. पाणी एक दिवसाआड येतंय. ११ फ्लॅटचे टँकरचे पैसे अजून बाकी आहेत. कृपया भरावेत.

सावंत वहिनी: काका, पाण्याचा नाही. माझ्या मुलाला टँकर म्हणतात.

ए-१०३ नाना: मुलांच्या हातात फोन देऊच नये.

बी-२०१ मोहिते: अहो वहिनी, पोरं आहेत. मला अख्खी आळी बेडूक म्हणायची. काय बिघडलं?

सी-५०४ पाटील ताई: ते तुम्ही ठरवू नका मोहिते 😄

सावंत वहिनी: आळीतलं चिडवणं घराचं दार लावलं की संपायचं. हे रात्री साडेअकराला उशीपाशी वाजतं. परवा एका रात्रीत ४३ स्टिकर, सगळ्यांवर याचाच फोटो. दोन आठवडे झाले, डब्यात एकच पोळी दे म्हणतो. खेळायला जाताना आधी गॅलरीतून वाकून बघतो खाली कोण कोण आहे. मग बूट काढून परत आत.

खजिनदार देशपांडे काका: ११ फ्लॅटवाल्यांनी कृपया लक्ष द्यावे.

पाटील ताई: काका!!

मोहिते: वहिनी, रोख कोणावर आहे ते सरळ सांगा. माझा मुलगा ॲडमिन आहे म्हणून सगळं त्याच्या माथी नको. सदस्याच्या मेसेजला ॲडमिन जबाबदार नाही, नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय.

पाटील ताई: निकाल तयारच ठेवलेला दिसतोय. पण सदस्याला काढायचं बटण ॲडमिनकडेच असतं ना?

ए-७०१ जोगळेकर: आयटी कायद्याचं कलम ६६अ लावा. दोन दिवसांत सरळ होतील.

पाटील ताई: काका, ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच रद्द केलंय.

जोगळेकर: मग १९३० ला फोन करा.

पाटील ताई: तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी. मुलांसाठी १०९८. आणि बारा वर्षांच्या पोरांवर लगेच पोलीस कशाला? वहिनी, रागाच्या भरात काही डिलीट करू नका. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट आधी काढा. रिपोर्ट केलं तरी व्हॉट्सॲपकडे शेवटचे पाचच मेसेज जातात. आणि त्याचा फोन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

नाना: म्हणूनच म्हणतो, मुलांच्या हातात फोन देऊच नये.

पाटील ताई: नाना, तुमचा नातू यूट्यूबशिवाय वरणभात जेवला की कळवा.

नाना: वैयक्तिक बोलायचं काम नाही.

सावंत वहिनी: स्टिकरवरचा फोटो कुठून आला ते सापडलं. मुलांनी काढलेला नाही. ८ एप्रिल, सकाळी ७:१०, हाच ग्रुप. तो गेटपाशी टँकरशेजारी स्कूल व्हॅनची वाट बघत उभा आहे. खाली लिहिलंय, 'आज दोन टँकर आले.' २७ जणांनी हसणारा इमोजी टाकलाय. टाकणारे देशपांडे काका.

खजिनदार देशपांडे काका: वहिनी, गंमत केली होती हो. लगेच काढतो.

खजिनदार देशपांडे काका: सगळ्यांसाठी डिलीट येत नाहीये. फक्त माझ्याकडचा जातोय.

पाटील ताई: दोन-अडीच दिवस उलटले की येत नाही काका. त्या २७ जणांत मीही आहे, आत्ता बघितलं. वहिनी, सॉरी.

सेक्रेटरी: रविवारी ११ वाजता क्लबहाउसमध्ये मीटिंग. सर्व मुलांना आणावे, सर्वांसमोर माफी मागायला लावू.

सावंत वहिनी: नको. त्याला पुन्हा सगळ्यांच्या मधोमध उभं करणार का? ज्याने त्याने आपापल्या घरात बोला.

मोहिते: मुलाचा फोन बघितला. ४३ मधले १९ आमच्या चिरंजीवांचे. ग्रुप बंद करायला लावलाय. स्क्रीनशॉट ठेवलेत, तुम्हाला पाठवतो. वहिनी, आत्ता वर येऊ का?

सावंत वहिनी: आत्ता कुठे झोपलाय तो. उद्या संध्याकाळी या. पहिल्यांदा एकटेच या.

नाना: मुलांच्या हातात फोन देऊच नये.

खजिनदार देशपांडे काका: उद्या सकाळी ७ वाजता पाण्याची गाडी येईल. कृपया गेटसमोर दुचाकी लावू नयेत.