शब्दचर्चा: ‘सरकारी वकील’ की ‘सहायक महाधिवक्ता’?

वाळवंटातली_वेल

फिनिक्सच्या आमच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांसाठी दोन-दोन पानांचे वाचनपाठ तयार करतोय. माझ्याकडे सँड्रा डे ओ’कॉनर आल्या आहेत. इथल्या फेडरल कोर्टाला त्यांचं नाव आहे, विद्यापीठाच्या लॉ कॉलेजलाही आहे. मुलं गाडीतून जाताना ते नाव वाचतात, पण त्या कोण हे त्यांना माहीत नसतं.

१९६५ ते १९६९ त्या ॲरिझोना राज्याच्या असिस्टंट ॲटर्नी जनरल होत्या. १९६९ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात गेल्या. १९७३ मध्ये तिथे बहुमतातल्या पक्षाच्या नेत्या झाल्या. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याच्या विधिमंडळात हे पद मिळालेली ती पहिली स्त्री. १९७४ ची निवडणूक जिंकून मॅरिकोपा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) सुपीरियर कोर्टात न्यायाधीश, १९७९ मध्ये राज्याच्या कोर्ट ऑफ अपील्सवर, आणि १९८१ मध्ये थेट देशाच्या सुप्रीम कोर्टात, तिथेही पहिली स्त्री.

मी साधं लिहिलं होतं: “आधी सरकारी वकील, मग आमदार, मग अपील कोर्टाच्या न्यायाधीश.” शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेने तिन्ही शब्द खोडले. तिचं म्हणणं, सरकारी वकील खुनाच्या खटल्यात असतो, म्हणून ‘सहायक महाधिवक्ता’ लिही. सिनेट म्हणजे विधान परिषद, तेव्हा ‘आमदार’ नको. आणि अपील ऐकणारे ते न्यायमूर्ती, न्यायाधीश नव्हे. मला स्वतःला पहिल्या शब्दाचीच खरी अडचण आहे. बाराव्या वर्षाच्या मुलाला ‘महाधिवक्ता’ वाचताही येणार नाही. काय लिहू?

निवृत्त_शिरस्तेदार

बत्तीस वर्षं जिल्हा कोर्टात काढली, म्हणून लिहितो. सरकारी वकील फक्त खुनाच्या खटल्यात असतो हे चूक. फौजदारीला पीपी (पब्लिक प्रॉसिक्यूटर), दिवाणीला जीपी (गव्हर्नमेंट प्लीडर), आणि जिल्ह्याला पुष्कळदा दोन्ही कामं एकाच माणसाकडे. पक्षकार दोघांनाही ‘सरकारी वकील’च म्हणतात. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या दाव्यात एक म्हातारे शेतकरी मला विचारायचे, “सरकार आपलंच ना, मग सरकारी वकील माझ्या विरुद्ध कसा बोलतो?” त्यांना उत्तर देताना माझी जीभ अडखळायची. पण शब्द त्यांनी बरोबर वापरला होता. ताई, तुमचा शब्द राहू द्या.

परिभाषा_प्रेमी

मला हे पटत नाही. आपल्याकडे घडवलेले, नेमके शब्द आहेत आणि ते न वापरल्यामुळेच परके वाटतात. संविधानाच्या अनुच्छेद ७६ मध्ये देशाचा सर्वांत मोठा सरकारी वकील तो महान्यायवादी, अनुच्छेद १६५ मध्ये राज्याचा तो महाधिवक्ता. ॲरिझोना हे राज्य आहे, म्हणजे महाधिवक्ता, आणि त्याचा सहायक तो सहायक महाधिवक्ता. फौजदारी कोर्टातला वेगळा, तो ‘सहायक सरकारी अभियोक्ता’. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत हेच पदनाम असतं. इतके स्पष्ट भेद भाषेने करून ठेवलेत, आणि आपण सगळ्यांना एकाच ‘सरकारी वकील’ नावाच्या पोत्यात भरतो. मुलांना अवघड शब्द द्यायचे नाहीत तर मराठी शाळा कशासाठी?

कोर्टकचेरी

परिभाषा_प्रेमी, शब्द नेमका आहे, पण तो नेमका दुसऱ्याच गोष्टीचा आहे. आपला महाधिवक्ता राज्यपाल नेमतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर असतो. ॲरिझोनाचा ॲटर्नी जनरल लोकांच्या मतांनी निवडून येतो, निवडणुकीत प्रचार करतो, त्याच्या हाताखाली वकिलांचं अख्खं खातं असतं. ओ’कॉनर त्या खात्यात नोकरीला होत्या. सुरुवातीला त्यांच्याकडे राज्याच्या मनोरुग्णालयाचं कायद्याचं काम दिलं होतं. ‘सहायक महाधिवक्ता’ वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यापुढे मुंबई हायकोर्टातला बडा वकील उभा राहतो. त्यांचं काम आपल्याकडच्या एजीपीच्या (असिस्टंट गव्हर्नमेंट प्लीडरच्या) जवळ जातं, आणि एजीपीला मराठीत ‘सहायक सरकारी वकील’च म्हणतात.

त्या १९५२ साली स्टॅनफर्डमधून बाहेर पडल्या तेव्हा वकील म्हणून कोणी घेईना, एका ठिकाणी सेक्रेटरीची जागा देऊ केली. मग कॅलिफोर्नियात एका काउंटीच्या सरकारी वकिलाच्या कचेरीत सुरुवातीला बिनपगारी काम केलं. हेही पाठात घाला. मुलांना पदापेक्षा ते लक्षात राहील.

जुनी_वही

‘वकील’ हा शब्द मुळात कोर्टाचा नाहीच. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात आपली बाजू मांडणारा. दिल्लीला पेशव्यांचे वकील हिंगणे होते, ते खटले चालवत नव्हते. त्या अर्थाने राज्याची बाजू मांडणारी बाई ‘राज्याची वकील’ अगदी चपखल. ‘मुखत्यार’ही चालेल. माझे आजोबा सांगायचे, जो आपल्या मुखाने दुसऱ्याचं बोलतो तो मुखत्यार.

कोर्टकचेरी

आजोबांबद्दल आदर आहे, पण मुखाचा संबंध नाही. मूळ अरबी ‘मुख्तार’, म्हणजे निवडलेला, अधिकार दिलेला. आपला ‘अखत्यार’ त्याच मुळातला: “हे माझ्या अखत्यारीत नाही.” कुलमुखत्यारपत्रात मुखत्याराला बोलावं लागतच नाही, सह्या कराव्या लागतात.

जुनी_वही

मूळ अरबी असेल. पण मराठी माणसाने तो शब्द ‘मुख’ ऐकून आपलासा केला असेल, तर तोही त्या शब्दाचा इतिहासच आहे. आजोबा कुळकायद्याच्या केसेस लढलेले होते, त्यांनी तो शब्द पन्नास वर्षं त्या अर्थाने वापरला. मी तो सोडणार नाही.

परिभाषा_प्रेमी

म्हणजे अरबी वकील चालतो, अरबी मुखत्यार चालतो, फक्त संस्कृतातून घडवलेला अधिवक्ता नको? सावरकरांनी ‘महापौर’ दिला तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. आज कोणी ‘मेयर’ म्हणतं का?

मुक्काम_पोस्ट_सातारा

महापौर रुजला कारण त्याला रोज तोंडात यायला जागा मिळाली. अधिवक्त्याला कुठे मिळाली? कोर्टाच्या आवारात “अधिवक्ता साहेब” अशी हाक मी अजून ऐकलेली नाही. आणि ‘न्यायवादी’ मला पहिल्यापासून खटकतो. कोर्टात वादी म्हणजे दावा लावणारा. देशाच्या सर्वांत मोठ्या वकिलाला पक्षकाराच्या नावाने का बोलवायचं?

वेल, तुमचा दुसरा शब्द मात्र सांभाळा. ‘आमदार’ हाच बरोबर. दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, त्यातला आम म्हणजे सर्वसामान्य, म्हणून आमदार राज्यात आणि खासदार दिल्लीत, असं मी मानतो. आपल्याकडे विधान परिषदेच्या सदस्यालाही आमदारच म्हणतात, मग सिनेटवालीला का नाही?

कोर्टकचेरी

उलट सिनेटला ‘विधान परिषद’ म्हणणं हीच मोठी चूक. आपल्या परिषदेचे ७८ सदस्य कुठून येतात पाहा: विधानसभेचे आमदार, स्थानिक संस्था, पदवीधर, शिक्षक, राज्यपाल. सर्वसाधारण मतदार तिथे कोणाला पाठवत नाही. ॲरिझोनाच्या सिनेटमध्ये ३० जण, सगळे मतदारसंघातून थेट निवडून आलेले, तेही दर दोन वर्षांनी.

वाळवंटातली_वेल

पण ओ’कॉनर पहिल्यांदा निवडून नाही, नेमणुकीने गेल्या. मधेच रिकामी झालेली जागा होती. पुढे दोनदा निवडून आल्या. ‘नियुक्त आमदार’ लिहिलं तर आपल्या वाचकाला राज्यपालांच्या बारा जागाच आठवतील. मुलांना पोटनिवडणूक आणि नेमणूक यातला फरक समजवावा लागेल असं दिसतंय.

आभाळमाया_७१

न्यायमूर्तींबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मला हा शब्द फार प्रिय आहे. बाई असो की पुरुष, शब्द बदलत नाही: न्यायमूर्ती आले, न्यायमूर्ती आल्या. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीशांना ‘मिस्टर जस्टिस’ म्हणायची पद्धत होती, ती १९८० मध्ये त्यांनी बंद केली, आणि पुढच्याच वर्षी ओ’कॉनर आल्या. आपल्याला काहीच बदलावं लागलं नाही. १९७८ मध्ये सुजाता मनोहर मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या, तेव्हा शब्द तयार होता.

‘वकील’चं मात्र तसं नाही. माझी आई १९६० च्या सुमारास वकिली करायची, तर गावातले लोक तिला वकिलीणबाई म्हणत. शेजारच्या वकिलांच्या बायकोलाही वकिलीणबाईच म्हणत. आईला ते फार लागायचं. म्हणायची, “मी सनद घेतलीय, तिने लग्न केलंय.” शेवटी तिने दारावरच्या पाटीवर नावापुढे ‘वकील’ एवढंच लिहिलं.

निवृत्त_शिरस्तेदार

आभाळमायाताई, आईंची पाटी फार आवडली. न्यायमूर्तीचा आमचा दंडक सोपा: हायकोर्ट आणि वर न्यायमूर्ती, खाली न्यायाधीश. जिल्हा न्यायाधीशही अपिलं ऐकतात, पण त्यांना कोणी न्यायमूर्ती लिहिलं तर तेच दुरुस्त करायला लावत. तेव्हा ‘अपील ऐकणारे ते न्यायमूर्ती’ हा नियम नाहीच.

कोर्टकचेरी

आणि ॲरिझोनात अपील कोर्टाचे ते ‘जज’, फक्त राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे ‘जस्टिस’. म्हणजे मूळ वापराशी इमान राखायचं तर १९८१ पर्यंत न्यायाधीश आणि तिथून पुढे न्यायमूर्ती. वेल यांचं पहिलंच वाक्य बरोबर होतं. ‘सुपीरियर कोर्ट’चं भाषांतर मात्र वरिष्ठ न्यायालय करू नका. नाव सुपीरियर असलं तरी तिथे खटले पहिल्यांदा उभे राहतात. आपल्या जिल्हा व सत्र न्यायालयाच्या जवळचं.

मुक्काम_पोस्ट_सातारा

म्हणजे खालचं कोर्ट.

निवृत्त_शिरस्तेदार

‘खालचं’ म्हणू नका, विनंती आहे. २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने सुप्रीम कोर्टाच्या रजिस्ट्रीलाच सांगितलं की ‘लोअर कोर्ट’ हा उल्लेख थांबवा, ‘ट्रायल कोर्ट’ म्हणा. ते वाचलं त्या दिवशी माझ्यासारख्या कितीतरी जणांना बरं वाटलं असेल. आम्ही आयुष्यभर खालचे होतो.

जुनी_वही

पण लोक “वर गेलो” म्हणतात, त्याचं काय? आमच्या भाऊबंदकीच्या दाव्यात काका रोज सांगायचे, “मी वर जाणार.” घरात लहान मुलं घाबरायची. वर असेल तर खाली असणारच, भाषेतून तो जिना काढता येत नाही.

आभाळमाया_७१

आमदार होऊन मग न्यायमूर्ती, हे आपल्याकडे घडलंय का? मला तर कोणी आठवत नाही.

कोर्टकचेरी

कृष्णा अय्यर. वकील, १९५२ मध्ये मद्रास विधानसभेत, १९५७ मध्ये केरळात आमदार आणि मंत्री, १९६८ मध्ये केरळ हायकोर्ट, १९७३ मध्ये सुप्रीम कोर्ट. ओ’कॉनरबाईंच्या आधी आठ वर्षं.

जुनी_वही

आणि त्याच्याही आधी आपले काशिनाथ त्र्यंबक तेलंग. वकील, मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद, मग १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती. ते १८९३ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी रानडे आले. रानडेही कौन्सिलात होते.

परिभाषा_प्रेमी

रानडे आधीपासून न्यायखात्यातच होते, आणि दोघेही कौन्सिलात सरकारने नेमलेले. त्यांना आमदार म्हणणार का? नाही ना? मग ‘सभासद’ म्हणालात. म्हणजे तुम्हीही नेमका शब्द शोधलातच. मी एवढंच म्हणतोय.

वाळवंटातली_वेल

सगळ्यांचे आभार. पाठ उद्या द्यायचा आहे. “राज्य सरकारच्या बाजूने काम करणाऱ्या वकील” असं लिहिलं, ‘आमदार’ ठेवला, आणि ‘न्यायाधीश’ही. दुसऱ्या शिक्षिकेचा ‘महाधिवक्ता’ शब्दाला आग्रह कायम आहे, म्हणून तो पाठाखाली शब्दार्थांत दिलाय, मुलं विचारतील तर सांगेन. आता मुलीने नवीन चूक काढली: मी एकदा “अपीलात” लिहिलं, एकदा “अपिलात”.

निवृत्त_शिरस्तेदार

अपिलात. वकील, वकिलाला. गरीब, गरिबाला. तसं अपील, अपिलाला.

परिभाषा_प्रेमी

तो नियम मान्य. पण ‘अपिलीय’ मात्र अजिबात मान्य नाही. इंग्रजी शब्दाला संस्कृतचा ‘ईय’ कसा लागतो? ‘पुनर्न्याय’सारखा स्वतंत्र शब्द हवा.

मुक्काम_पोस्ट_सातारा

माहिती अधिकार आल्यापासून प्रत्येक कचेरीत पाटी आहे: जन माहिती अधिकारी, प्रथम अपिलीय अधिकारी. गावातल्या माणसाला तो शब्द पाठ आहे, कारण त्याने तिथे अर्ज केलेला असतो. आता त्याच्याकडून काढून घेऊ नका.

परिभाषा_प्रेमी

पाटीवर आहे म्हणून शुद्ध होत नाही. आमच्या तालुक्याच्या पाटीवर ‘अपीलीय’ आहे, दीर्घ. मग कोणती पाटी मानायची?