मदत हवी आहे: १८-१९ अंकी संख्या मूळ आहे का, लवकर कसं ठरवायचं?

धागाकर्ता: १८-१९ अंकी संख्यांची मोठी यादी आहे, त्यातल्या मूळ संख्या वेगळ्या काढायच्या आहेत. सी++ मध्ये वर्गमुळापर्यंत भागून बघतोय, २ आणि ३ नंतर फक्त ६क±१ घेऊन. तरी एकेका संख्येला काही सेकंद जातात. फर्माची चाचणी (पाया म्हणून एखादी संख्या अ घ्यायची आणि अ^(क्ष − १) ला तपासायच्या संख्येने, म्हणजे क्ष ने, भागून बाकी १ येते का बघायचं) झटपट होते, पण ती ५६१ ला मूळ ठरवते! घोळ कोडमध्ये आहे की चाचणीत? "बहुधा मूळ" चालणार नाही, पक्कं उत्तर हवंय.

प्रतिसाद १: घोळ चाचणीत आहे. ५६१ = ३ × ११ × १७ ही सर्वांत लहान कारमायकेल संख्या, म्हणजे फर्माच्या चाचणीला फसवणारी संयुक्त संख्या. ३, ११, १७ ने भाग न जाणारा कुठलाही पाया घ्या, फर्माची चाचणी फसणारच. मिलर-राबिन ही त्याहून कडक चाचणी वापरा.

क्ष विषम असेल तर क्ष − १ मधून २ चे सगळे घात बाहेर काढा: क्ष − १ = २^स × द, द विषम. मग पाया अ घेऊन अ^द ला क्ष ने भागून बाकी काढा. बाकी १ किंवा क्ष − १ आली तर हा पाया पार. नाहीतर जास्तीत जास्त स − १ वेळा वर्ग करत जा. मध्ये कुठे क्ष − १ आली तरी पार. आली नाही तर क्ष नक्की संयुक्त.

५६१ वरच बघा. ५६० = २^४ × ३५. पाया २ घेतला तर २^३५ ची बाकी २६३, पुढचे वर्ग १६६, ६७, १. म्हणजे ६७ चा वर्ग १ झाला, पण ६७ स्वतः १ही नाही आणि ५६०ही नाही. मूळ संख्येच्या बाबतीत हे होऊच शकत नाही. शिवाय ६७ − १ = ६६ आणि ५६१ चा मसावि ३३, म्हणजे अवयवही हाती लागला.

पक्क्या उत्तराचं म्हणाल तर २^६४ च्या आतल्या संख्यांना २ ते ३७ या पहिल्या १२ मूळ संख्या पाया म्हणून पुरतात. हे सिद्ध आहे, इथे "बहुधा" नाही.

प्रतिसाद २: गुणाकाराकडे नीट लक्ष द्या, बहुतेकांचं तिथेच बिघडतं. १९ अंकी दोन संख्यांचा गुणाकार ३८ अंकांपर्यंत जातो, ६४ बिटांत मावत नाही, आणि प्रोग्रॅम काही न सांगता चुकीची बाकी देतो. गुणाकार १२८ बिटांत करून मगच बाकी घ्या. आधी ३७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा: संख्या त्यांच्यापैकीच असेल तर मूळ, भाग गेला तर संयुक्त. हे वगळलं तर ३७ ला ३७ हाच पाया लागून बाकी ० येते आणि ती संयुक्त ठरते.

धागाकर्ता: आणि २०० अंकी संख्या आली तर?

प्रतिसाद १: तिथे ते १२ पाये पुरतील याची हमी नाही. यादृच्छिक पाये घ्या. संयुक्त संख्या एका पायातून निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त १/४, म्हणजे ४० पायांत ४^−४०. सिद्धताच हवी असेल तर लंबवर्तुळी वक्रांची पद्धत वापरा. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांची २००२ ची एकेएस पद्धत सिद्धांत म्हणून फार सुंदर आहे, पण प्रत्यक्षात संथ.

कोड तपासायला २०४७ आणि ३२१५०३१७५१ द्या. पहिली पाया २ ला चकवते, दुसरी २, ३, ५, ७ या चौघांनाही; ११ ला मात्र सापडते.