मातीला कॅमेरा कशाला? त्या पोस्टला माझं उत्तर

लेन्सवाला: काल इथं कुणीतरी लिहिलंय, 'मातीचे (अंत्यविधीचे) फोटो काढून पैसे घेतो तो माणूसच नव्हे.' तो मीच. बावीस वर्षं लग्नं आणि माती दोन्ही करतोय. कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत पहिल्यांदा कॅमेरा काढला तेव्हा फोकसच दिसेना, डोळे भरलेले. मयताचा पोरगा दुबईत अडकलेला, म्हणून त्याच्या बहिणीनं मला बोलावलं होतं. घरी येऊन आंघोळ केली की सुटलो असं नसतं. रात्री एडिटिंगला बसलं की तोच चेहरा झूम करून नाकातला कापूस झाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी मंगलाष्टका. पैसे कधी मागायचे हे तर अजून कळलेलं नाही.

पेठकर: पोस्ट माझीच. शब्द मागं घेत नाही. आमच्या वडलांच्या मातीला चुलत्यांनी फोटोवाला आणला. आई टाहो फोडतेय आणि हा म्हणतो, "काकू, जरा इकडं बघा."

लेन्सवाला: त्याच्या कानाखाली द्यायला पाहिजे होती. मी लांबनं काढतो, फ्लॅश नाही.

गंगावेसकर: फोटोवाल्याचं सोडा ओ. रक्षाविसर्जन आठचं सांगायचं आणि साहेब येणार नऊला! तोवर कावळासुद्धा कंटाळतो.

शेणीवाला: आणि फ्लेक्स? महापालिका चितेला शेणी (गोवऱ्या) आणि लाकूड फुकट देते, आम्ही होळीला शेणी दान करतो. वाचलेले पैसे लोक 'भावपूर्ण श्रद्धांजली'ला घालवतात.

गंगावेसकर: शेणी दिल्याचा फोटो पेपरात देणारे तुम्हीच की!

शेणीवाला: एकदाच. तोही पत्रकारानं मागितला म्हणून.

गंगावेसकर: व्हय व्हय, आणि मंडळाचा बोर्ड आपोआप मधे आला!

पेठकर: धागा कुठं नेला राव.

माई: 2021 ला आमचे हे कोविडनं गेले. तोंड बघायला मिळालं नाही. भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात रागावल्यासारखे दिसतात. तसे नव्हते.

लेन्सवाला: माई, त्या मे महिन्यात मी दुसरं काही केलंच नाही. आधार कार्डं यायची, मी मागची पट्टी पुसून निळं आभाळ लावायचो. एका घरातनं आठवड्यात तीन आली. तिसऱ्याचे पैसे घेतले नाहीत, आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही.

पेठकर: माईंपुढं काय बोलणार. आमचा तो अल्बम आईच्या कपाटात आहे. मी कधी हात लावला नाही, ती काढून बघते, एवढं कबूल. त्यानं तुमचा धंदा सोवळा होत नाही.

लेन्सवाला: सोवळा आहे असं म्हणालं कोण?

गंगावेसकर: ते ठीक. पण नऊला येणाऱ्या साहेबांचं काय ठरलं?