बायकांच्या डबल फॉल्टला ‘मन कच्चं’ म्हणणं थांबवा

बेसलाइनवाला
टेनिसमध्ये मुलीची सर्व्हिस बिघडली, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून डबल फॉल्ट झाला आणि गुण गेला, की कॉमेंटरी बॉक्सपासून क्लबच्या कट्ट्यापर्यंत एकच निदान निघतं: दडपण झेपत नाही. माझ्या मते बिघाड बहुतेकदा हातात असतो, डोक्यात तो नंतर शिरतो.

बेलारूसच्या आर्यना सबालेंकाचं उदाहरण घ्या. जानेवारी 2022 मध्ये ॲडलेडला एका सामन्यात 18 आणि लगेच पुढच्या स्पर्धेत 21 डबल फॉल्ट. मध्ये खालून सर्व्हिस टाकायचीही वेळ आली. त्या वर्षी ती बायोमेकॅनिक्सचे जाणकार गॅविन मॅकमिलन यांच्याकडे गेली, हाताची हालचाल दुरुस्त करून घेतली आणि जानेवारी 2023 च्या ऑस्ट्रेलियन ओपन फायनलला रिबाकिनाविरुद्ध 17 एस (समोरचीच्या रॅकेटला न लागता थेट गुण देणाऱ्या सर्व्हिस) मारून जिंकली. मानसशास्त्रज्ञाबरोबरचं काम आपण थांबवलंय, हे तिनेच त्या स्पर्धेत सांगितलं होतं.

दुसऱ्या सर्व्हिसला नेमकं काय होतं? फॉल्ट नको म्हणून हात आखडतो. रॅकेटचा वेग पडला की टॉपस्पिन (चेंडूची पुढे गोल फिरण्याची फिरकी) मरतो, आणि स्पिन नसेल तर चेंडू जाळीवरून उंच जाऊन खाली वळत नाही. सर्व्हिस बॉक्सची लांबी अवघी 6.40 मीटर. मग एक तर चेंडू लांब जातो, नाहीतर जाळीत. म्हणजे ‘सांभाळून टाक’ हा प्रेमाचा सल्लाच घात करतो. रॅकेटचा वेग पहिल्या सर्व्हिसइतकाच ठेवायचा, फक्त रॅकेट चेंडूच्या पाठीवरून खालून वर घासायची.

चिप अँड चार्ज
सोयीचं उदाहरण निवडलंत! अमेरिकेच्या कोको गॉफचं काय? 2024 च्या यूएस ओपनला नवारोविरुद्ध 19 डबल फॉल्ट करून हरली, मग मॅट डेली यांना कोच म्हणून घेऊन ग्रिपवर, म्हणजे रॅकेट धरण्याच्या पकडीवर, काम केलं. त्या काळात तिने 2025 ची फ्रेंच ओपन जिंकली, तीही सबालेंकालाच हरवून. पण त्याच उन्हाळ्यात मॉन्ट्रियलला कॉलिन्सविरुद्ध 23 डबल फॉल्ट. (सामना मात्र जिंकली, हे कुणी सांगत नाही.) मग यूएस ओपनच्या तोंडावर तीही मॅकमिलन यांच्याकडे गेली. चौथ्या फेरीत ओसाकाकडून हरली, कारण ऐन स्पर्धेत जुनी सवय आणि नवी हालचाल एकमेकींशी भांडतात. तंत्र बदलायला बिनस्पर्धेचे आठवडे लागतात.

आणि खरा प्रश्न तिथेच आहे. क्रमवारीचे गुण 52 आठवड्यांनी गळतात. पहिल्या दहातल्या खेळाडूला तज्ज्ञ परवडतो. तीनशेच्या आसपासची मुलगी दीड महिना थांबली तर गुण जातात आणि पुढच्या स्पर्धांमधला प्रवेशही. महिला टेनिसला आधार द्यायचा तर त्या थांबलेल्या आठवड्यांचा खर्च उचला, भाषणं नकोत. मुंबईत सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) 2024 आणि 2025 ला डब्ल्यूटीए 125 ही महिलांची दुय्यम स्तराची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तशा घरच्या स्पर्धा वाढल्या की प्रवासाचे वाचलेले पैसे तरी कोचकडे जातात.

स्लाइस
दोघंही खांदा विसरलात. रशियाची एलेना डेमेंतिएव्हा खांद्याच्या दुखण्यामुळे बाजूने कापून सर्व्हिस करू लागली आणि ती सवय चिकटली. 2004 च्या फ्रेंच फायनलला 10 डबल फॉल्ट. तरी 2008 ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, कारण परतीचे फटके दणकट होते. आधी फिजिओ, मग व्हिडिओ, मग ग्रिप. उलट क्रमाने गेलात तर दुखऱ्या खांद्याने नवी हालचाल शिकवत बसाल.

टॉसची, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवण्याची, तपासणी फुकटात होते. पुढच्या पावलासमोर, हात लांब करून, रॅकेट जमिनीवर ठेवा. चेंडू बोटांच्या टोकांवर धरा, तळव्यात नको. हात सरळ ठेवून डोळ्यांच्या पातळीला वर सोडा आणि खाली पडू द्या. दहापैकी सहासात चेंडू रॅकेटच्या आसपास पडत नसतील तर मानसशास्त्रज्ञाची फी वाचवा. कोपर वाकलं किंवा मनगट उडालं की चेंडू मागे जातो, मग पाठ ताणून मारावं लागतं.

मैदानकर
मुळाशी जा ना. सर्व्हिस म्हणजे खांद्यावरून फेक. गल्लीत मुलगा सहाव्या वर्षापासून सीमारेषेवरून चेंडू फेकत असतो, मुलीच्या हातात थेट रॅकेट येते. मग फोरहँडच्या ग्रिपने थाळी धरल्यासारखी सर्व्हिस. पंधराव्या वर्षी कॉन्टिनेंटल ग्रिप (हातोडा धरल्यासारखी पकड) दिली की चेंडू शेजारच्या कोर्टात! सरावाच्या सुरुवातीला दहा मिनिटं नुसती फेक, मग सर्व्हिस लाइनवरून अर्ध्या स्विंगने, मग हळूहळू मागे. ही साधी गोष्ट कितीजण शिकवतात?

बेसलाइनवाला
फेकीचं एकदम पटलं. पण @चिप, ग्रिप बदलल्यावर गॉफ फ्रेंच ओपन जिंकली, तरी उपचार फसला म्हणता? 2025 पासून नियमानेच प्रेक्षागृहातून कोचिंगला परवानगी आहे. म्हणजे आता ‘धीर धर’ ओरडण्याऐवजी ‘टॉस डावीकडे जातोय’ एवढंच सांगता येतं, आणि तेवढं पुरतं.

चिप अँड चार्ज
नाही पुरत. 30-40 ला, म्हणजे गेम हातून जायच्या बेतात असताना, टॉसचा विचार डोक्यात घातलात तर हात आणखी आखडेल. सूचना बाजू बदलताना द्या. सरावात अख्खा सेट फक्त दुसऱ्या सर्व्हिसवर खेळवा, डबल फॉल्टला दोन गुण वजा. सामन्यात कोचने लक्ष्य सांगावं, ‘अंगावर टाक’ किंवा ‘टी वर टाक’ (सर्व्हिस बॉक्सच्या मधल्या रेषेच्या टोकाला). हाताबद्दल अवाक्षर नको.