वडिलांच्या खात्यातून कापलेला दंड परत कसा मिळवावा? मदत हवी आहे

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातला. यंदा वादळात केळी आडवी झाली, घरात पैशाची फार ओढाताण आहे. त्यातच वडिलांच्या बचत खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून बँक दर महिन्याला दंड लावत गेली. मोटारसायकलचा हप्ता दोनदा परत गेला, त्याचा दंड वेगळा. खातं उणे २,८०० रुपयांवर गेलं. परवा भावाने सुरतहून आईच्या औषधाला ३,००० पाठवले, हातात आले २००. आई काही बोलली नाही, पण मला ते फार लागलं.

रिझर्व्ह बँकेचा २०१४ चा नियम वाचला. शिल्लक कमी झाली तर आधी कळवून महिन्याची मुदत द्यायची, आणि केवळ त्या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. वडिलांना एकही मेसेज आलेला नाही. शाखेत विचारलं तर ‘सिस्टीमच कापते भाऊ’ एवढंच उत्तर.

लेखी तक्रार देणार आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. पण हप्ता परत गेल्याचा दंड या नियमात बसत नाही असं दिसतं. तो परिस्थिती सांगून कोणी माफ करून घेतलाय का? अर्जात काय लिहिलं, पंचनाम्याची प्रत जोडली का? आणि हेच खातं किमान शिल्लक न लागणाऱ्या खात्यात बदलून घेताना उणे रक्कम आधी भरायला लावतात का? जळगाव-धुळ्याकडे कोणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा. सोमवारी शाखेत जातोय.