सोसायटीचं काम आणि कॉन्ट्रॅक्टर कुणाचा? तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, कोलशेत रोड, ठाणे

पाऊस ओसरला की आपल्याकडे इमारतींना परांच्या चढतात. त्याआधी व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं चढतात. आमच्याकडे सध्या तेच चाललंय. बाहेरचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रंग. काम हवं यावर एकमत, कॉन्ट्रॅक्टरवरून मात्र ए विंग आणि बी विंग असे सरळ दोन तट. तुमच्याकडे कॉन्ट्रॅक्टर कसा ठरला, कुठे अडलं, कसं सुटलं ते लिहा. माणसांची, कंपन्यांची नावं नकोत. ‘आमची कमिटी चोर आहे’ एवढंच म्हणायचं असेल तर त्यासाठी तुमचा ग्रुप आहेच.

नेरूळ

आमची इमारत 30 वर्षांपुढची, म्हणजे उपविधींप्रमाणे दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, इमारतीच्या मजबुतीची तपासणी. अहवाल आला, कमिटीने तीन कोटेशनं मागवली आणि सभेत ‘सगळ्यात कमीवाला घ्या’ विरुद्ध ‘तो सेक्रेटरीने आणलाय’ अशी जुंपली. हात वर करायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. अख्खी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात काढलेली. म्हणाले, “तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचलेत का?” कुणीच वाचले नव्हते. सभा तहकूब.

मग दोन्ही बाजूंचे लोक सोसायटीच्या ऑफिसात काकांभोवती बसलो. एकाने जीएसटी धरला होता, दुसऱ्याने तळाला बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ लिहिलं होतं. 18 टक्क्यांनी क्रमच बदलला. तिसऱ्याने परांची धरलीच नव्हती. खरी मेख मात्र सगळ्यात कमीवाल्याच्या कागदात होती. रंगाचा दर तिघांत स्वस्त, पॉलिमर मॉर्टरचा (खराब झालेलं काँक्रीट भरून काढायचा मसाला) तिघांत महाग. तरी बेरीज कमी कशी? तर मॉर्टरचं क्षेत्रफळच नाममात्र दाखवलेलं आणि पुढे ‘प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे’. रंगाची भिंत आहे तेवढीच राहते. मॉर्टर किती लागणार ते प्लास्टर ठोकून काढल्यावर कळतं, आणि ते कमी झालेलं मी तरी ऐकलेलं नाही. काकांनी ऑडिटमधला आकडा घालून पुन्हा बेरीज मारली. स्वस्त पार्टी तिघांत महाग निघाली! सेक्रेटरीचा चेहरा पाहण्यासारखा होता, पण खरं सांगायचं तर त्यालाही हे माहीत नव्हतं.

पुढे कन्सल्टंटकडून एकच बीओक्यू, म्हणजे कामांची मोजमापांसकट यादी, करून घेतला. कामाचं वर्णन, परिमाण, मटेरियल सगळं छापील. कॉन्ट्रॅक्टरने फक्त दराचा रकाना भरायचा, तोही सीलबंद लखोट्यात. लखोटे सगळ्यांसमोर उघडले. आधीचा मधला पास झाला. भांडण संपलं म्हणणार नाही, रंगाच्या छटेवरून परत झालंच.

नौपाडा

आमच्याकडे चेअरमनसाहेबांचा साडूच कॉन्ट्रॅक्टर निघाला. नातं कळलं ते कुणाच्या तरी साखरपुड्यात. एक पंचमांश सभासदांनी सह्या करून विशेष सर्वसाधारण सभेची मागणी दिली. तशी मागणी आली की कमिटीला महिन्याच्या आत सभा लावावीच लागते. चेअरमन सभेत म्हणाले, “काम चांगलं करतो म्हणून सांगितलं.” करतही असेल. पण सभासदांचं म्हणणं कामाबद्दल नव्हतंच, नातं आधी का सांगितलं नाही एवढंच होतं. शेवटी साडूंनीच कोटेशन मागे घेतलं. घरी काय झालं असेल ते देव जाणे.

ऐरोली (सध्या खजिनदार, नाइलाजाने)

कमिटीच्या बाजूनेही ऐका. आम्ही शंभरावर सभासद. गणपूर्तीला 20 पुरतात, तेही अर्धा तास थांबून गोळा होत नाहीत. तहकूब सभा त्याच संध्याकाळी डझनभर डोक्यांत उरकते आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ‘आम्हाला न विचारता’ सुरू. आमच्या उपविधींप्रमाणे कमिटीला एक लाखापुढचा खर्च सभेच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. निर्णयांची जबाबदारी आमच्यावर, म्हणजे निस्तरायचंही आम्हीच. बिलातून टीडीएस कापला तर कॉन्ट्रॅक्टर रुसतो, नाही कापला तर ऑडिटर रागावतो. आता आम्ही एक केलंय: कोटेशनं सभेच्या नोटिशीसोबतच घरोघरी पाठवतो, आणि आक्षेप असेल तर लेखी, सभेच्या आधी. ग्रुपवरच्या अंगठ्यांना उत्तर देत नाही. निम्मे आक्षेप तिथेच विरले.

खारघर

सभेत ठराव एक झाला, इतिवृत्तात कॉन्ट्रॅक्टरचं नाव भलतंच. कुठे जायचं? पोलिसांत जा असं शेजारी सांगतोय.

धागाकर्ती

पोलिसांत घाई नको. आधी इतिवृत्ताची प्रत लेखी मागा, पोच घ्या. पुढच्या सभेत मागच्या इतिवृत्ताला मंजुरीचा विषय असतो, तिथे हरकत नोंदवून घ्या, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट. प्रत मिळाली नाही तर सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे अर्ज. तुमच्याकडे म्हणजे सिडकोचे सहनिबंधक. ठरावालाच आव्हान द्यायचं असेल तर सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय. तिथे वेळ जातो, आणि तोवर परांची उभी राहिली तर मागणं बदलावं लागतं. म्हणून जायचं असेल तर कामाची ऑर्डर निघायच्या आत.

वर्तकनगर

आमचा वाद लिफ्टच्या देखभालीचा. मूळ कंपनी महाग, बाहेरचा निम्म्यात तयार. वर्षभराचा करार बाहेरच्याशी केला, पण सुटे भाग कुणाचे घालणार ते करारात लिहून घेतलं. बी विंगमधल्या आजी अजून जिन्यानेच जातात, विश्वास नाही म्हणतात.

खारघर

धन्यवाद. प्रतीचा अर्ज दिला. सेक्रेटरी पोच द्यायला तयार नाहीत.

नेरूळ

स्पीड पोस्टाने पाठवा, पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. आणि ऑर्डर निघाली असेल तर करार मागताना त्यात हमीचा काळ आणि राखून ठेवायची रक्कम आहे का ते बघा. आम्ही प्रत्येक बिलातून 5 टक्के राखले. पुढच्या पावसात जिन्याच्या भिंतीला ओल आली तेव्हा एका फोनवर माणूस आला.

धागाकर्ती

नेरूळकर, काकांनी तिन्ही कोटेशनांची बेरीज मारली तो तक्ता मिळेल का? आमच्या बी विंगला दाखवायचाय.