‘खुला डेटा’ मराठीत कसा लिहाल?

गोदाकाठ : नाशिकच्या पाणीवाटपावर लेख लिहितोय. ‘सरकारी डेटा सगळ्यांना खुला हवा’ हे नीट मराठीत बसेना. ‘आकडेवारी’ म्हटलं तर नकाशे आणि सातबारे बाहेर राहतात. ‘विदा’ लिहिलं, तर आई म्हणाली, “कुणाची पाठवणी आहे?”

पिंपळपार : ‘विदा’ संस्कृत विद् म्हणजे जाणणे यावरून केलाय. संकेतस्थळांवर रुळला, घरात नाही. मला जुना ‘खानेसुमारी’ आवडतो. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी, दोन्ही फारसी. गंमत बघा, त्याच शुमारचा आपण ‘सुमारे’ केला, म्हणजे मोजणीचा अंदाज! 2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61,07,187 होती. 2021 ची गणना झालीच नाही, मग इतकी वर्षं सगळे अहवाल ‘सुमारे’वर चाललेत.

रविवार कारंजा : माझ्या मते घोळ ‘डेटा’चा नाही, ‘खुला’चा आहे. गेल्या वर्षी एका कार्यालयाकडे धरणसाठ्याच्या जुन्या नोंदी मागितल्या. मिळाल्या, नाही असं नाही. पण पानं तिरकी स्कॅन केलेली, टाचणीचा गंजसुद्धा दिसतोय, 3 आहे की 8 ते कळत नाही. काही तक्ते दलघमीत (दशलक्ष घनमीटर), काही नुसते टक्क्यांत. बेरीज करायची तर एकेक आकडा पुन्हा टंकायचा. बघायला खुलं, वापरायला कुलूप.

आपल्याकडे यासाठी अस्सल शब्द आहे, ‘नक्कल’. तहसीलात कुणी ‘सातबारा अॅक्सेस केला’ म्हणत नाही, ‘नक्कल काढली’ म्हणतो. कागद हातात घेऊन घरी येणं त्यात गृहीत आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या व्याख्येतही पाहणी, टिपणं, प्रमाणित प्रती हे सगळं आहे. संगणकातली माहिती फ्लॉपीवरसुद्धा मागता येते. (फ्लॉपी आणायची कुठून ते विचारू नका.)

पिंपळपार : नक्कल छान, पण ती मागावी लागते. अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. त्याच कायद्याचं कलम 4 सांगतं की माहिती कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावी, म्हणजे लोकांना अर्ज करायची वेळच कमी येईल. शिवाय प्रसिद्ध केलेलं टिकलंही पाहिजे. संकेतस्थळ नवं झालं की जुने तक्ते गायब होतात. दप्तर निदान फडक्यात बांधून माळ्यावर तरी असायचं. तेव्हा ‘जतन’ हा शब्दही घ्या.

गोदाकाठ : मग असं लिहितो : ‘सरकारी नोंदी न मागता मिळाव्यात, जुन्या जतन व्हाव्यात आणि त्यांची बेरीज करता यावी.’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आणि धरणात पाणी किती, ते दलघमीत नको, किती दिवस पुरेल ते सांगा.” तो वेगळा धागा होईल. शीर्षकात मात्र ‘डेटा’च ठेवतोय.